टिंब बघू का ट्रक बघू

टिंब पिवळं आहे. ते डावीकडून उजवीकडे जातं आणि उजवीकडून डावीकडे येतं. त्याला दुसरं काम नाही.

⁂

तान्ह्या बाळाची टाळू भरायची तर तेल कोमट लागतं आणि हात जाणता लागतो. तेल कुठंही मिळतं.

⁂

“‘जाऊ’ हे नाते यादीत उपलब्ध नाही. कृपया अन्य पर्याय निवडा.”

⁂

सुभेदार तानाजी, सेवानिवृत्त, रोज सकाळी साडेसातला रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाइपावर येऊन बसतात आणि मोठ्यानं म्हणतात, “डावीकडनं कंटेनर. उजवीकडनं कांदा. डावीकडनं लक्झरी.” ऐकणारं कोणी असलंच पाहिजे असं नाही.

⁂

सांगलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा मुली चौदा खुर्च्यांवर बसून म्हणतात, “आता ती आठवण डोळ्यांसमोर आणा.”

⁂

उंब्रजच्या पुलाखालून वळून यायचं तर चौदा किलोमीटर.

⁂

या सहाही गोष्टी एकाच फाईलमधल्या आहेत. फाईल मौजे नांदळफाटा या गावाची.

हे गाव पूर्वी एक होतं. महामार्ग सहापदरी झाला तेव्हा ते सरकारदरबारी एकच राहिलं आणि बाकी सगळ्या बाबतींत दोन झालं. अलीकडे घरं, गोठे, देऊळ आणि ग्रामपंचायत. पलीकडे दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी, स्मशान आणि नवी वस्ती. म्हणजे अलीकडच्या माणसाला जन्मायचं, शिकायचं, दळायचं किंवा जळायचं असेल तर रस्ता ओलांडणं भाग होतं. नुसतं जगायचं असेल तर गरज नव्हती.

राहीबाई अलीकडे राहत. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक, नवरा वारलेला, घरात एक म्हैस. लेक संयोगिता पलीकडे दिलेली. सोयरीक ठरली तेव्हा लेक डोळ्यांसमोर राहील एवढीच राहीबाईंची अपेक्षा होती आणि ती शंभर टक्के पूर्ण झाली. लेक डोळ्यांसमोरच होती, दीडशे फुटांवर. आपल्या ओट्यावर बसून राहीबाईंना तिच्या दोरीवरची साडी ओळखू येई. तिथं जाता मात्र येत नसे.

तीन वर्षांपूर्वी राहीबाईंची जाऊ दीपमाला गिरणीतून दळण घेऊन येत होती. राहीबाई अलीकडच्या काठावर उभ्या होत्या, डबा घ्यायला हात पुढं करून. डबा त्यांच्यापर्यंत आला. दीपमाला आली नाही.

तेव्हापासून रस्त्याच्या काठावर उभं राहिलं की राहीबाईंचे पाय हलत नसत. डोकं सांगे चल आणि पाय जागच्या जागी. लेकीकडे जायचं तर त्या वडापच्या जीपनं सात किलोमीटर खाली उंब्रजला जात, पुलाखालून पायी पलीकडे होत आणि दुसऱ्या जीपनं सात किलोमीटर वर येत. जीप दहा माणसं बसल्याशिवाय सुटत नाही आणि नांदळफाट्याची दहावी व्यक्ती नेहमी अंघोळीला गेलेली असते. दीड तास, कधी दोन. पोचून लेकीच्या ओट्यावर टेकलं की समोर आपली म्हैस दिसे. ती राहीबाईंकडे बघत असे.

हेही चाललं असतं. पण संयोगिताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. डॉक्टर म्हणाले, जीपचे धक्के नकोत. लेकीला अलीकडे आणता येईना. सासरी करावं तर सासू हयात नव्हती. राहीबाईंनी जाऊन राहावं तर म्हैस दुसऱ्या हाताला धार देत नव्हती आणि लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं राहीबाईंच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. उरला एकच मार्ग. सकाळची धार काढायची, रस्ता ओलांडायचा, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, रस्ता ओलांडायचा, संध्याकाळची धार काढायची. सव्वा महिना.

त्यात अवघड काही नव्हतं. फक्त दीडशे फूट.

⁂

गावानं भुयारी मार्गासाठी अकरा ठराव केले होते. अकराव्या ठरावाला उत्तर आलं. ते असं :

“प्रत्यक्ष पाहणीत सदर ठिकाणी नागरिक रस्ता ओलांडत नसल्याचे आढळून आले. ज्या ठिकाणी कोणी रस्ता ओलांडत नाही, त्या ठिकाणी भुयारी मार्गाची आवश्यकता सिद्ध होत नाही. नागरिकांनी न ओलांडण्याचे कारण ‘भीती’ असे नमूद केले आहे. भीती ही बांधकामाची बाब नसून मनाची बाब असल्याने, प्रकरण योग्य त्या कार्यवाहीसाठी आघातमुक्त गाव अभियान कक्षाकडे वर्ग करण्यात येत आहे.”

ग्रामसभेत हे पत्र दोनदा वाचलं गेलं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा कळलं म्हणून.

पंधरा दिवसांत गावाला समन्वयक मिळाला. ग्रामपंचायतीत दाखले काढून देणारा कृष्णात आता आघात समन्वयक झाला. त्याच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं, हातात सरकारी मोबाईल आला. त्यात पिवळं टिंब होतं.

“सोपं हाय,” कृष्णातनं देवळात लोकांना समजावलं. “वाईट आठवण मनात आणायची आन् डोळ्यांनी ह्या टिंबाच्या मागं जायचं. डावीकडं, उजवीकडं. चोवीस येळा. मग आठवण बोथट हुती. सांगलीवरनं ताई ऑनलाईन सांगत्यात.”

“आन् रस्ता?” राहीबाईंनी विचारलं.

“रस्ता तसाच ऱ्हातो, काकी. तुमी बदलता.”

आता हे खरं की असे उपचार आहेत. मोठ्या शहरांतले जाणकार ते वर्षानुवर्षं शिकतात, माणसाला समोर बसवतात, त्याचं आधी सगळं ऐकून घेतात आणि मग हळूहळू करतात. अभियानानं ते सगळं अडीच दिवसांच्या प्रशिक्षणात बसवलं होतं. त्यातला अर्धा दिवस उद्घाटनाचा होता.

⁂

गावाला साठ आघातांचं उद्दिष्ट होतं. मुदत एकतीस मार्च. कृष्णातनं दवंडी दिली, तर एकोणीस माणसं आली. एकोणीसही जणांना रस्त्याचंच भय होतं. एक्केचाळीस कमी पडत होते.

“सुभेदार आबा, तुमचा एक लिहू का?”

“लिही की. पासष्टच्या लढाईत नव्हतो, पण पुढं काश्मिरात—”

“आर्मीचा नगं, आबा. त्यो केंद्राचा आघात. आपल्याला राज्याचा पायजे.”

“राज्याचा म्हंजी?”

“हितला. गावातला. झालाच न्हाई का काय तुमास्नी?”

सुभेदारांनी बराच वेळ आठवून पाहिलं. “गेल्या निवडणुकीत एका मतानं पडलो,” ते म्हणाले, “आन् घरात मतं दोन हायती.”

कृष्णातनं लिहून घेतलं. मग ओघ सुरू झाला. कुणाच्या बैलाला शर्यतीत आयत्या वेळी झोप लागली होती. कुणाच्या लग्नात वरातीचा घोडा नवरदेवाला घेऊन म्हसवडच्या वाटेला लागला होता. प्रत्येक अर्जाला आघाताचा पुरावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. साक्षीदार स्वतः आघातग्रस्त नसावेत, अशी अट होती. त्यामुळे पन्नासाव्या अर्जानंतर गावात साक्षीदार मिळेनासे झाले आणि ते शेजारच्या वाडीतून जीप भरून आणावे लागले. ती जीप मात्र लगेच भरली.

राहीबाईंचा अर्ज नातेसंबंधाच्या रकान्यात अडला.

“जाऊ न्हाई ह्यात,” कृष्णात म्हणाला. “पती, अपत्य, माता, पिता आन् पाळीव प्राणी.”

“मग?”

“पाळीव प्राणी टाकतो. लगेच मंजूर हुतंय.”

“कृष्णाता, दीपानं तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलाय. तिला जनावर लिवतुयास?”

“काकी, कॉम्प्युटरला काय कळतंय? बरं, माता टाकतो.”

“माझी आई येकदा गेली की रं. किती येळा मारशील तिला?”

पण मुदत जवळ होती. दीपमाला राहीबाईंची माता झाली. वयाच्या रकान्यात माता लेकीपेक्षा सहा वर्षांनी लहान निघाली. अर्ज तरीही मंजूर झाला.

⁂

गावाच्या अलीकडच्या बाजूला मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येई. टॉवर पलीकडे होता आणि त्याची रेंज बरोबर महामार्गाच्या अलीकडच्या काठापर्यंत पोचत होती. घरात, देवळात, ग्रामपंचायतीत टिंब मधेच थांबे आणि माणसाचे डोळे एका कोपऱ्यात अडकून राहत. म्हणून कक्षाच्या मंजुरीनं उपचार केंद्र रस्त्याच्या काठावर हलवण्यात आलं. सिमेंटच्या पाइपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची आली. रस्त्याला भिणारी माणसं एकेक करून रस्त्यात पाय सोडून बसू लागली.

पहिल्या दिवशी राहीबाईंच्या कानात सांगलीचा आवाज आला. “नमस्कार. मी कीर्ती. आपण सुरक्षित जागी बसला आहात ना?”

एक कंटेनर गेला. राहीबाईंचा पदर उडून तोंडावर आला.

“बसलीया,” राहीबाई म्हणाल्या.

“आता तुमच्या आईंच्या अपघाताची आठवण डोळ्यांसमोर आणा.”

“आई न्हवं बाई, जाऊ.”

“माझ्याकडं आई लिहिलंय.”

“लिवलं आसंल. गेली ती जाऊ.”

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. “ठीक आहे. शून्य ते दहामध्ये किती त्रास होतो?”

राहीबाईंनी मोबाईलवरून नजर उचलली. समोर दुभाजकातली फट होती, दीपमाला जिथून येत होती ती. “दीपाचं पीठ,” त्या म्हणाल्या, “डब्याचं झाकण उडालं तरी आतलं पीठ तसंच हुतं. गरम. गिरणीचं ताजं पीठ गरम आसतंय न्हवं? मी डबा उचलला तर हाताला गरम लागला. त्या पिठाची भाकरी करायची का टाकायचं, त्ये मला आजून कुणी सांगितलं न्हाई. डबा तसाच फळीवर हाय.”

कीर्ती मगदूम चोवीस वर्षांची होती. तिच्यासमोरच्या कागदावर अशा उत्तरानंतर काय म्हणायचं ते छापलेलं होतं. कॉल रेकॉर्ड होत होता.

“छान,” तिनं वाचलं. “आता टिंबाकडे बघा.”

राहीबाईंनी बघितलं. टिंब डावीकडे गेलं. त्यामागून एक टँकर उजवीकडे गेला. राहीबाईंचे डोळे टँकरमागे गेले. मोबाईलमधून घंटी वाजली आणि अक्षरं आली : ‘आपले डोळे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त फिरत आहेत. कृपया सावकाश बरे व्हा.’

दर फेरीला त्रासाचा आकडा एकानं उतरला पाहिजे, असा दंडक होता. राहीबाई पहिल्या दिवशी नऊ म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी दहा.

“काकी, वर जाऊ नगासा,” कृष्णात काकुळतीला आला. “तक्ता लाल हुतोय. साताऱ्यासनं फोन येतोय. आठ म्हणा की.”

“आठ वाटत न्हाई रं.”

“वाटायचं नंतर वाटंल. म्हणायला काय जातंय?”

राहीबाईंना खरंच बरं व्हायचं होतं. साठांमध्ये त्या एकट्या अशा होत्या. त्या रोज वेळेवर येत, डोळे दुखेपर्यंत फिरवत आणि मग उठून काठावर उभ्या राहून पाय हलतात का बघत. पाय हलत नसत. शेवटी कृष्णातच्या नोकरीची दया येऊन त्या आठ म्हणाल्या. मग सात. एकदा खोटं बोलायला लागल्यावर प्रगती झपाट्यानं झाली.

⁂

एकतीस मार्चला नांदळफाटा शंभर टक्के आघातमुक्त झालं. जिल्ह्यात पहिलं.

एक एप्रिलला दोन माणसं गॅस कटर घेऊन आली आणि ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश हाका’ हा फलक कापू लागली. सुभेदार पाइपावरून उठले.

“आवं, त्यो कशापायी काढताय?”

त्या माणसानं खिशातून परिपत्रक काढून दाखवलं. आघातमुक्त घोषित झालेल्या गावात आघाताची आठवण करून देणारी कोणतीही चिन्हे, फलक, खुणा ठेवू नयेत. त्यामुळे बऱ्या झालेल्या नागरिकांचा आघात पुन्हा जागा होण्याची शक्यता असते. फलकासोबत रस्त्यावरचे पांढरे पट्टे खरवडले गेले. वेग कमी करणारे उंचवटे तासून सपाट केले, कारण गाड्यांचे ब्रेक कचकन लागतात आणि तो आवाज रुग्णांना हितकारक नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाइपावरच्या सुभेदारांना बोलायला वेळ पुरेना. “डावीकडनं—” म्हणेपर्यंत ती उजवीकडे गेलेली असे.

पाच एप्रिलला संयोगिता बाळंत झाली. मुलगी. राहीबाईंनी ते रस्त्याच्या काठावर उभं राहून जावई शिवतेजच्या फोनवरून ऐकलं. पाच मिनिटांनी शिवतेज ओट्यावर येऊन दुपट्यातलं काहीतरी दोन्ही हातांनी उंच करून दाखवू लागला. राहीबाईंनी अलीकडून हात जोडले. मधून उसाच्या सोळा ट्रॉल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या उंब्रजमार्गे निघाल्या. पोचायला दुपारचा एक वाजला. बाळ पिऊन झोपलं होतं, बाळंतीण झोपली होती आणि शिवतेजनं मोबाईलवर बघून दोघींना अंघोळ घातलेली होती. राहीबाईंनी बाळाची टाळू नुसती हुंगली आणि धारेच्या वेळेला पोचायचं म्हणून परतीच्या जीपची वाट बघत उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काठावर येऊन फोन लावला. “शिवतेज, त्या बादलीची वाफ हितनं दिसतीया! गार पाणी वत. लेकरू हाय त्ये, बटाटं न्हवं.”

“मामी, व्हिडिओत तर आसंच—”

“व्हिडिओवाल्याला म्हणावं तूच बस बादलीत. संगीला दे फोन.”

“आये,” संयोगिताचा आवाज दमलेला होता. “तू आली आसतीस तर बरं झालं आसतं गं.”

राहीबाईंनी फोन ठेवला आणि सरळ कृष्णातकडे गेल्या. “बरी झाल्याचा कागद कुठाय माझा?”

“हाय की. पण तुमची पडताळणी ऱ्हायलीया, काकी. नमुना म्हणून गावातनं येकाची करत्यात. तुमचं नाव निघालंय.”

“काय करायचं?”

“रस्ता वलांडायचा. तेवढंच.”

“मला तेवढंच पायजे,” राहीबाई म्हणाल्या.

⁂

पडताळणी सकाळी नऊ वाजता झाली. कृष्णातनं सूचना वाचून दाखवल्या. रुग्णानं मोबाईल चेहऱ्यासमोर एक फुटावर धरावा. रस्ता ओलांडताना संपूर्ण वेळ नजर टिंबावर असावी. नजर टिंबावरून हलल्यास पडताळणी रद्द समजण्यात येईल.

राहीबाईंनी मोबाईल धरला. एक पाऊल पुढे टाकायला त्यांनी पायांना सांगितलं. मग मोबाईल खाली केला.

“कृष्णाता, मी टिंब बघू का ट्रक बघू?”

कृष्णातनं सूचना उलटसुलट करून पाहिल्या. “हितं तर टिंब म्हणलंय.”

“आन् ट्रक कोण बघंल?”

“ट्रकचं काय लिवलेलं न्हाई.”

“मी बघतो की,” पाइपावरून सुभेदार म्हणाले. “तू टिंब बघ राही, मी ट्रक सांगतो. डावीकडनं— गेला. उजवीकडनं— गेला. आगं, ह्ये सांगून हुईस्तवर तू जाशील.”

“सांगलीला इचार,” राहीबाई म्हणाल्या.

कृष्णातनं कीर्तीला लावलं आणि स्पीकर चालू केला. प्रश्न ऐकून तिनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग शेवटपासून पहिल्यापर्यंत.

“मावशी,” ती म्हणाली, “नियमानं टिंब बघायचं.”

“बरं.”

“थांबा. जाऊ नका. हे रेकॉर्ड होतंय, होऊ दे की. टिंब बघू नका मावशी. गाड्याच बघा. आणि रस्ता मोकळा दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि मावशी, ते पीठ टाका. तीन वर्षं झाली, आता किडे झाले असतील.”

कीर्ती मगदूमचा हा शेवटचा कॉल. दुपारी तिला प्रशिक्षणाला परत पाठवलं गेलं. याही वेळी उद्घाटनासकट.

राहीबाईंनी मोबाईल चेहऱ्यासमोर धरला आणि त्याच्या वरून गाड्या बघू लागल्या. मोकळा क्षण येईल म्हणून त्या उभ्या राहिल्या. डावीकडे बघितलं, ट्रक. उजवीकडे बघितलं, बस. डावीकडे, दूधगाडी. उजवीकडे, नवी कोरी कार, मागच्या काचेतून बाहेर बघणारं कुत्रं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. साडेनऊ झाले. दहा झाले. पलीकडे ओट्यावर शिवतेजनं बादली आणून ठेवली, तिची वाफ निघाली, विरली. बादली आत गेली. साडेदहाला राहीबाईंनी हात खाली केला आणि त्या सुभेदारांशेजारी पाइपावर जाऊन बसल्या.

मोबाईलनं मात्र वेगळीच नोंद केली. त्याच्या लेखी रुग्णाच्या डोळ्यांनी नव्वद मिनिटांत तीन हजार सातशे वेळा डावी-उजवी हालचाल केली होती. अभियानाच्या इतिहासात इतकी हालचाल कोणाची झाली नव्हती. प्रकृती : पूर्णतः निरोगी. श्रेणी : विशेष प्रावीण्य.

“आवं काकी!” कृष्णात धावतच आला. “राज्यात पयल्या आलाय तुमी!”

“पोरीची अंघोळ झाली रं,” राहीबाई म्हणाल्या. “आजची बी झाली.”

⁂

गौरव समारंभ ठरला. माननीय स्वतः येणार होते, त्यांच्या हस्ते राहीबाईंना साडी, नारळ आणि मानपत्र मिळणार होतं. मंडप शाळेच्या मैदानात होता. शाळा पलीकडे होती.

समारंभाच्या सकाळी राहीबाई नऊवारी नेसून काठावर उभ्या होत्या. जीप भरली नव्हती. कृष्णात पलीकडून फोन करत होता, “काकी, कुठं हाय? आत्ता नाव पुकारत्याल!” तेवढ्यात शिट्ट्या ऐकू आल्या. दोन पोलीस वरच्या अंगाला आडवे उभे राहिले, दोन खालच्या. माननीयांचा ताफा येणार म्हणून रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला.

आणि सहापदरी महामार्ग रिकामा झाला.

राहीबाईंनी डावीकडे बघितलं. काही नव्हतं. उजवीकडे बघितलं. तिकडेही नव्हतं. डोळे कुठं फिरवावेत ते डोळ्यांना कळेना. ते समोर स्थिर झाले. दोरीवर दुपटी वाळत होती. एक, दोन, तीन, चार. राहीबाईंचा उजवा पाय उचलला गेला आणि डांबरावर टेकला. मग डावा. दुभाजकाच्या फटीशी त्या थांबल्या, वाकल्या, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पुढे निघाल्या.

“ए मावशी, बाजूला!” पोलीस ओरडला.

“बाजूलाच निघालीया बाबा,” राहीबाई म्हणाल्या. “कवाधरनं.”

त्या मंडपात गेल्या नाहीत. लाऊडस्पीकरवर त्यांचं नाव सात वेळा पुकारलं गेलं, तेव्हा त्या संयोगिताच्या न्हाणीत पाटावर बसल्या होत्या, दोन्ही पाय लांब केलेले, नडग्यांवर नात पालथी. पाण्यात कोपर बुडवून त्यांनी ते किती ऊन आहे ते बघितलं. तेलाचा हात पाठीवरून फिरला तशी पोर रडायची थांबली. “आये,” दारात उभी राहून संयोगिता म्हणाली, “माझी बी पाठ चोळ.” राहीबाईंनी तिचीही चोळली. मानपत्र कृष्णातनं घेतलं.

संध्याकाळी त्या धारेला परतल्या. उंब्रजमार्गे.

त्या समारंभाचं आकाशातून ड्रोननं चित्रीकरण झालं होतं. त्यातलं एक छायाचित्र आता फाईलला जोडलेलं आहे. रिकामा सहापदरी रस्ता आणि त्याच्या मध्यावर निर्धास्त चालणारी एक बाई. खाली शेरा : “लाभार्थी कोणत्याही साहाय्याविना रस्ता ओलांडताना स्पष्ट दिसत आहे. सबब भुयारी मार्गाची मागणी कायमची निकाली काढण्यात येत आहे.” तेच छायाचित्र मोठ्ठं करून, जिथं पूर्वी अपघाताचा फलक होता तिथं लावलंय. गाड्यांतली माणसं ते बघत जातात, त्यामुळे त्यांचं लक्ष रस्त्यावर नसतं.

ग्रामसभेनं बारावा ठराव केला. सुभेदारांनी मांडला, राहीबाईंनी अनुमोदन दिलं. भुयारी मार्ग नको. त्याऐवजी माननीयांनी रोज सकाळी नऊ आणि दुपारी चार अशा दोन वेळांना गावातून जावं, सव्वा महिना तरी. उत्तर आलंय. सदर मागणी कोणत्या आघातामुळे केली आहे, ते पुराव्यासह कळवावे.

दीपमाला गेली त्या सकाळी रस्ता बंद झाला नव्हता; एकच पदर अडला होता, मागच्या गाड्या शेजारच्या पदरावरून निघाल्या आणि तुम्ही पुण्याला वेळेत पोचलात.